चामड्याला जात कोणी दिली? हार्लेमच्या डॅपर डॅनची वाटचाल आणि आपला प्रश्न

२०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा या कंपनीचा फॅशन शो झाला. मॉडेलच्या पायांत जे पायताण होते ते पाहून सगळा महाराष्ट्र खडबडून जागा झाला. ती आपली कोल्हापुरी चप्पल होती. कंपनीने मात्र तिला नुसते 'चामड्याची सँडल' म्हटले होते. कोल्हापूरचे नाव नाही, कारागिराचे तर नाहीच. मग चॅनेलवर चर्चा झडल्या, मराठी अस्मिता दुखावली, निषेधाची पत्रे गेली. त्या सगळ्या गदारोळात एक शब्द मात्र फार कमी ऐकू आला. तो शब्द म्हणजे जात. ही चप्पल कोणी घडवली असे विचारले की उत्तर येत होते, 'आपल्या संस्कृतीने', 'आपल्या मातीने'. माती चप्पल शिवत नाही. चप्पल चांभाराचे हात शिवतात आणि तिचे कातडे ढोर समाजाचे हात कमावतात, हे सांगायला 'अस्मिता'वाल्यांची जीभ अडखळत होती.

आपल्या तरुणांमध्येही या निमित्ताने दोन तट पडलेले आम्ही पाहिले. एक म्हणतो, 'हा आमच्या पूर्वजांचा वारसा आहे, त्याचा अभिमान हवा.' दुसरा म्हणतो, 'बाबासाहेबांनी जे सोडायला सांगितले, त्याचा अभिमान कसला बाळगता?' अभ्यासवर्गात हा वाद निघाला की दोन्ही बाजू तावातावाने बोलतात. आम्हाला वाटते, दोघांचे अर्धे अर्धे बरोबर आहे आणि दोघेही मुख्य प्रश्नाला बगल देतात. मुख्य प्रश्न चामड्याचा नाहीच. तो निवडीचा, नावाचा आणि मालकीचा आहे. हे नीट समजून घ्यायचे तर एका माणसाची वाटचाल पाहावी लागेल. तो माणूस आपल्या जातीचा नाही, देशाचाही नाही. पण त्याने चामड्याचे कपडे करायला स्वतःच्या मर्जीने सुरुवात केली, त्यातून नाव कमावले, ते गमावले आणि पंचवीस वर्षांनी परत मिळवले. त्याचे नाव डॅनियल डे. जग त्याला डॅपर डॅन म्हणून ओळखते.

हार्लेम आपल्याला परके नाही

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटावर वरच्या अंगाला हार्लेम ही वस्ती आहे. १९१३ मध्ये बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, ते ११६ व्या रस्त्याजवळ. हार्लेमचा मुख्य बाजार असलेला १२५ वा रस्ता तिथून पायी जाण्याच्या अंतरावर. बाबासाहेब १९१६ पर्यंत तिथे शिकत होते आणि नेमक्या त्याच काळात दक्षिणेकडच्या राज्यांतून कृष्णवर्णीय माणसे हार्लेममध्ये येऊन वसत होती. गोऱ्यांची दहशत, कर्जात अडकवणारी अर्धेलीची शेती आणि वेगळ्या पाणवठ्यांचे, वेगळ्या डब्यांचे कायदे यांना कंटाळून ती निघाली होती. १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख माणसांनी दक्षिण सोडली. इतिहासात याला 'महास्थलांतर' म्हणतात. गाव सोडा, शहरात जा, हा बाबासाहेबांचा सल्ला ज्यांना पाठ आहे, त्यांना या स्थलांतराचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

पुढे १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहिले. संयुक्त राष्ट्रांपुढे तिथल्या कृष्णवर्णीयांनी जी याचना ठेवली होती तिच्या प्रती त्यांना हव्या होत्या. ड्यू बॉईस यांनी उत्तरही दिले. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तेव्हा तिने नाव घेतले ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. म्हणजे हार्लेमकडे पाहण्याची सवय आपल्या चळवळीला जुनीच आहे. आम्ही फक्त या वेळी पुढाऱ्याऐवजी एका कारागिराकडे, दुकानदाराकडे पाहतो आहोत.

फाटक्या बुटापासून

डॅनियल डे याचा जन्म १९४४ मध्ये हार्लेममध्येच झाला. आईवडील दक्षिणेतून आलेले. वडील एकाच वेळी अनेक नोकऱ्या करत, तरी घरात पोरांच्या बुटांना पुरेल एवढे येत नसे. बुटाच्या तळाला भोक पडले की आत पुठ्ठा घालून भागवायचे. कपडे आणि पायताण यांचे महत्त्व त्या मुलाला कोणा फॅशनच्या मासिकाने शिकवले नाही, ते दारिद्र्याने शिकवले. आपल्याकडेही बाबासाहेबांनी स्वच्छ, नीटनेटके राहायला सांगितले आणि स्वतः सूट घातला, ते हौस म्हणून नव्हे. ज्याच्या अंगावर काय असावे हे इतरांनी ठरवलेले असते, त्याच्यासाठी इस्त्रीचा सदरा हेसुद्धा बंड असते.

हा मुलगा वयाच्या तेराव्या वर्षीच फाशांच्या जुगारात तरबेज झाला. 'डॅपर डॅन', म्हणजे टापटिपीचा डॅन, हे नावही त्याला एका वयस्कर जुगाऱ्याकडून मिळाले. आम्ही हे झाकून ठेवत नाही. वस्तीत वाढलेल्या पोरांपुढे ज्या वाटा उघड्या असतात, त्याच त्याच्यापुढे होत्या. मात्र १९६० च्या दशकात तो वाचनाकडे वळला. हार्लेममधल्या 'फोर्टी एकर्स अँड अ म्यूल' या वृत्तपत्रात काम करू लागला. दारू, सिगारेट आणि अमली पदार्थ सोडले. कोलंबिया विद्यापीठ आणि नॅशनल अर्बन लीग यांच्या एका उपक्रमातून १९६८ नंतर त्याला आफ्रिका पाहता आली. तिथल्या शिंप्यांकडून त्याने मनाजोगते कपडे शिवून घेतले. १९७४ मध्ये तो परतला, तो कपड्यांच्या धंद्याचा विचार डोक्यात घेऊनच.

हा टप्पा महत्त्वाचा आहे. वडील-आजोबा चामड्याचे काम करत होते म्हणून डॅन चामड्याकडे आले नाहीत. तिशीतल्या एका माणसाने जग पाहून ठरवले की मला हे करायचे आहे. आपल्याकडे चामड्याच्या कामाला हात लावणाऱ्या किती जणांना ही मुभा होती?

नकारातून आलेले कसब

१९८२ मध्ये त्यांनी १२५ व्या रस्त्यावर 'डॅपर डॅन्स बुटिक' उघडले. सुरुवात फरच्या कोटांपासून झाली. पण धंद्यातल्या अनेक घाऊक कंपन्या या कृष्णवर्णीय दुकानदाराला माल द्यायला तयार नव्हत्या. मोठ्या फॅशन कंपन्यांची दुकाने शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथे हार्लेमचा माणूस पैसे घेऊन गेला तरी त्याच्याकडे संशयाने पाहिले जाई. माल मिळत नाही तर काय करायचे? डॅपर डॅन यांनी ठरवले, माल आपणच तयार करायचा.

इथून पुढची गोष्ट कारागिरीची आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. कापड कितीही मीटर सलग मिळते. चामडे तसे मिळत नाही. ते एकेका जनावराच्या आकाराचे येते आणि चौरस फुटावर विकले जाते. पाठीकडचा भाग घट्ट, पोटाकडचा सैल आणि ताणणारा. कोट बेतताना पाठीचा तुकडा कुठून घ्यायचा, बाही कुठून काढायची, हे नजरेने ठरवावे लागते. दोन्ही बाह्यांचा पोत जुळला पाहिजे. कापडाला टाचण्या लावून नंतर काढता येतात. चामड्यात सुई गेली की भोक कायमचे. शिवण उसवून पुन्हा मारू म्हटले तर जुन्या भोकांची रांग तशीच दिसत राहते. शिवणीच्या कडा रापीने तासून पातळ कराव्या लागतात, नाहीतर जोड जाड होतो. मग त्या चिकटवून हातोडीने बसवायच्या. आपल्या आजोबांच्या हातात जी रापी आणि आरी होती, तिचेच हे शास्त्र.

डॅपर डॅन यांनी याच्या जोडीला आणखी एक गोष्ट साधली. चामड्यावर स्क्रीन प्रिंटिंग करण्याची रीत त्यांनी स्वतःच्या प्रयोगांतून बसवली. कापड शाई पिऊन घेते, चामडे घेत नाही. शाई वरच राहते आणि अंग वाकले की तडकते. जी शाई चामड्याबरोबर वाकेल आणि टिकेल ती शोधणे, ती कशी बसवायची ते ठरवणे, हे कोणत्याही फॅशन कॉलेजने त्यांना शिकवलेले नव्हते. लुई व्हिटॉन, गुची, फेंडी यांची बोधचिन्हे त्यांनी आख्ख्या कोटभर, जॅकेटभर छापली. त्या कंपन्या तेव्हा प्रामुख्याने बॅगा, पट्टे आणि पाकिटे यांवर ही चिन्हे मिरवत. गिऱ्हाईक येई, माप देई, रंग सांगे आणि त्याच्यासाठी एकच नग तयार होई. शिलाईच्या मशीनवर सेनेगलहून आलेले शिंपी होते. दुकान दिवसरात्र, आठवड्याचे सातही दिवस उघडे असे.

गिऱ्हाईक कोण? हार्लेमचे जुगारी, अमली पदार्थांचे धंदेवाले, आणि मग रॅप गाणारी तरुण पोरे. एरिक बी. आणि राकिम, एलएल कूल जे, सॉल्ट-एन-पेपा. १९८८ मध्ये मुष्टियोद्धा माइक टायसन याची मिच ग्रीनशी या दुकानाबाहेर अपरात्री मारामारी झाली आणि दुकानाचे नाव वर्तमानपत्रांत गेले. कंपन्यांचे लक्ष तिथूनच वळले, असे मानले जाते. गोऱ्या फॅशनजगाने ज्यांना दारात उभे केले नाही, त्यांना या माणसाने राजासारखे सजवले, हे खरे. त्या पैशात वस्ती पोखरणाऱ्या क्रॅक या नशेचा पैसाही होता, हेही खरे. इतिहास लिहायचा तर दोन्ही लिहावे लागते.

कायदा कोणाला चोर म्हणतो?

मग धाडी सुरू झाल्या. कंपन्यांनी बोधचिन्हांच्या हक्कावरून खटले लावले, माल जप्त झाला. फेंडीच्या बाजूने धाडीला आलेल्या वकिलांमध्ये सोनिया सोटोमायोर होत्या, ज्या पुढे २००९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती झाल्या. १९९२ मध्ये दुकान बंद पडले. डॅपर डॅन यांनी नंतरची वर्षे पडद्याआड राहून कपडे शिवण्यात घालवली. मुष्टियोद्धा फ्लॉईड मेवेदर याच्यासारखी गिऱ्हाइके टिकून होती.

बोधचिन्ह दुसऱ्याचे होते, परवानगी नव्हती, कायद्याने ती नक्कल होती. यात वाद नाही. पण पुढे काय झाले ते पाहा. १९८९ मध्ये डॅपर डॅन यांनी ऑलिंपिक धावपटू डायन डिक्सन हिच्यासाठी एक जॅकेट केले होते. फरचे अंग आणि फुग्यासारख्या भल्यामोठ्या बाह्या, त्यांवर लुई व्हिटॉनची चिन्हे. २०१७ च्या मे महिन्यात फ्लॉरेन्समध्ये गुचीने आपल्या शोमध्ये जवळपास हुबेहूब तसेच जॅकेट दाखवले, फक्त बाह्यांवर गुचीची चिन्हे. डॅपर डॅन यांचे नाव नव्हते. डायन डिक्सनने आपल्या जुन्या जॅकेटचा फोटो समाजमाध्यमांवर टाकला आणि बोभाटा झाला. गुचीने त्याला 'आदरांजली' म्हटले.

आता हिशेब मांडा. गरीब वस्तीतल्या माणसाने कंपनीचे चिन्ह घेतले तर ती चोरी. कंपनीने त्याचा आख्खा कोट घेतला तर ती आदरांजली. कायद्याकडे चिन्हाचे रक्षण करायला वकील होते, बेताचे आणि कल्पनेचे रक्षण करायला कोणी नव्हते. कारण चिन्हाला नोंदणीकृत मालक असतो, कसबाला नसतो. कोल्हापुरीच्या वेळी नेमके हेच झाले, म्हणून आम्ही हा इतिहास उगाळतो आहोत.

मात्र हार्लेमचे लोक निषेधावर थांबले नाहीत. दबाव इतका वाढला की २०१७ मध्येच गुचीला डॅपर डॅन यांच्याशी भागीदारी करावी लागली आणि २०१८ मध्ये हार्लेममध्ये त्यांचे नवे दालन उघडले. या वेळी कच्चा माल गुचीचा, कायदेशीर, आणि दारावर नाव डॅपर डॅनचे. २०१९ मध्ये गुचीच्या एका स्वेटरवरून वर्णद्वेषाचा आरोप झाला, तेव्हा याच माणसाने कंपनीच्या प्रमुखाला उत्तर द्यायला हार्लेममध्ये बोलावले आणि प्रमुखाला यावे लागले. ज्याच्या दुकानावर एकेकाळी धाडी पडत, त्याच्या वस्तीत कंपनी जाब द्यायला आली.

मग आपले काय वेगळे?

इथे कोणी म्हणेल, 'तर मग आपणही चामड्याकडे परत जाऊ आणि ब्रँड काढू.' थांबा. वर्ण आणि जात यांत फरक आहे आणि तो इथेच कळतो. अमेरिकेत कृष्णवर्णीयाला चामड्याच्या धंद्यात शिरण्यापासून अडवले गेले. आपल्याकडे आपल्याला त्यातून बाहेर पडण्यापासून अडवले गेले. मेलेले ढोर महाराने ओढायचे, कातडे ढोर समाजाने कमावायचे, वहाण चांभाराने शिवायची, आणि या तिघांनी एकमेकांतही उच्चनीच पाळायचे. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातीचे निर्मूलन'मध्ये हेच मांडले की जात ही नुसती कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे, आणि तीही पायरीपायरीची. निवड नाही, दाम नाही, मान नाही, अशा कामाला वारसा म्हणणे ही फसवणूक आहे.

म्हणून १९२७ च्या महाड परिषदेत मेलेली गुरे ओढणे सोडा हा संदेश दिला गेला. त्यावर, 'यात तुमचेच उत्पन्न बुडेल' असा हिशेब 'केसरी'तून मांडला गेला. कातडे, शिंगे, हाडे यांची किंमत लावून दाखवली गेली. बाबासाहेबांनी १९५६ च्या १५ ऑक्टोबरला नागपूरच्या भाषणात हा किस्सा सांगितला. एवढा फायदा आहे तर तो तुम्हीच घ्या, वरून मीही पैसे देतो, असे त्यांचे उत्तर होते. त्यावर कोणी पुढे आले नाही. ज्या कामाला तुमच्या मते इतका नफा आहे ते काम तुमची मुले का करत नाहीत, हा प्रश्न आजही तितकाच धारदार आहे. २०१६ मध्ये गुजरातच्या उना इथे मेलेल्या गायीचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना मारले गेले. म्हणजे काम केले तर मार आणि सोडले तर 'परंपरा बुडवली' म्हणून ठपका. आणि २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैल-वळूच्या कत्तलीवर बंदी आली तेव्हा चामड्याच्या पुरवठ्याची झळ ज्यांना बसली, त्यांना 'अस्मिता'वाल्यांपैकी किती जणांनी विचारले?

मग बाबासाहेबांनी चामडे सोडायला सांगितले, की सक्ती सोडायला? आमचे उत्तर स्पष्ट आहे. त्यांनी सक्ती तोडायला सांगितली. रापी हातात धरणे हलके नाही. ती जन्माने हातात बांधली जाणे हा अपमान आहे. ज्याला डॉक्टर व्हायचे त्याला डॉक्टर होता आले पाहिजे, आणि ज्याला चामड्याचे जॅकेट बेतायचे आहे त्याला ते अभिमानाने, शिकून, स्वतःच्या नावाने बेतता आले पाहिजे. पहिली गोष्ट नसेल तर दुसरी ही निवड नव्हे, जुनीच बेडी आहे.

नाव, दाम आणि मालकी

प्राडाच्या प्रकरणातून पुढे काय निघाले? निषेधानंतर कंपनीने प्रेरणा कोल्हापुरीची असल्याचे मान्य केले. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राचे लिडकॉम आणि कर्नाटकचे लिडकर या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाल्याची बातमी आली. २,००० जोड, प्रत्येकी सुमारे ८०० युरोला. काही नसण्यापेक्षा हे बरे. पण या ८०० युरोंपैकी शिवणाऱ्याच्या हातात किती पडणार, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ते नावाचे आणि प्रदेशाचे रक्षण करते, मजुरीचे नाही. कारागिराला स्वतःची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्यावी लागते, आणि किती वस्त्यांत ही माहिती कोणी पोचवली आहे?

धारावीत आजही चामड्याची जॅकेटे आणि बॅगा शिवल्या जातात. त्यांतल्या कित्येकांवर दुसऱ्याच कोणाची तरी चिठ्ठी लागते. शिवणारा मजूर राहतो, चिठ्ठीवाला मालक होतो. आपल्या मुलांना चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेत, पादत्राणे आणि फॅशनच्या राष्ट्रीय संस्थांत डिझाइनर, तंत्रज्ञ आणि व्यवस्थापक म्हणून जायला हवे. आरक्षण आणि शिष्यवृत्ती तिथेही आहे, माहिती मात्र वस्तीत पोचत नाही. सहकारी संस्था काढून चिठ्ठी आपली लावली पाहिजे. आणि हे करताना चांभार, ढोर, महार, मातंग या भिंती आपल्यातच उभ्या ठेवून चालणार नाही.

डॅपर डॅन यांना आम्ही देव्हाऱ्यात बसवत नाही. गुचीची मालकी शेवटी गुचीकडेच राहिली. जगाला नाव कळले ते डॅपर डॅनचे, मशीनवर बसलेल्या सेनेगली शिंप्यांचे नाही. एका माणसाचे दालन म्हणजे समाजाची मुक्ती नव्हे. १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांपुढे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले होते. कोल्हापुरीच्या प्रकरणात ते दोन्ही एकाच फोटोत दिसतात. एक कारागिराची जात लपवतो, दुसरा त्याचे दाम लपवतो.

तेव्हा मित्रहो, पुढच्या वेळी कोणी 'आपली महान चर्मकला' म्हणून भाषण ठोकू लागला तर त्याला तीनच प्रश्न विचारा. हे काम करायचे की नाही, हे कारागिराने स्वतः ठरवले का? वस्तूवर त्याचे नाव आहे का? आणि नफ्यात त्याचा वाटा किती? तिन्हींची उत्तरे मिळाली की मग अभिमानाचे बोलू. तोवर हिशेब मागत राहू.

जय भीम!